कटोरी ब्लाऊजची पेपर कटिंग इंकस्केपमध्ये, मापाला माप

9 जून 2024, रविवार

सांगलीला आत्या घरीच शिवणवर्ग चालवते. कटोरी ब्लाऊजची तिने स्वतः आखलेली पेपर कटिंग खाकी कागदावर आहेत, छाती 32 पासून 42 पर्यंत. खडू आणि फिरकी फिरून फिरून कडा झिजल्यात, मुंढ्यांवर, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईवर, चिकटपट्टीवर चिकटपट्टी आहे. हे सगळं स्कॅन करायचं, इंकस्केप या रेषाचित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून स्वच्छ रेषा ओढायच्या आणि कोणत्याही विद्यार्थिनीला घरी छापून थेट कापडावर ठेवता येईल अशी पीडीएफ करायची, असं ठरलं आहे. चित्र सुंदर दिसलं नाही तरी चालेल. माप मात्र सुतासुताने (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जुळलं पाहिजे, कारण ब्लाऊजला अंगाबरोबर बसायचं असतं.

सामान: ए-फोर काचेचा साधा ऑल-इन-वन स्कॅनर, इंकस्केप 1.3, फोटो दुरुस्त करायला गिंप, 15 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी आणि आत्याची टेप. सॉफ्टवेअर फुकट आहे, खर्च कागद आणि कापडाचाच होईल.

सुरुवात छाती 36 च्या कटोरीने केली, कारण हा तुकडा लहान, सहज काचेवर मावतो. 300 डीपीआयला (एका इंचात 300 ठिपके) स्कॅन केला, इंपोर्ट केला आणि खालच्या कडेवर मेजर टूल फिरवलं. कागदावर ही कड बरोबर 6 इंच आहे. पडद्यावर पावणेएकोणीस इंच आली.

पावणेएकोणीसला सहाने भागलं की 3.125 येतात, आणि 300 ला 96 ने भागलं तरी 3.125 च. म्हणजे इंकस्केपने फाईलमधली 300 ची नोंद न वाचता स्वतःचे ठरलेले 96 पिक्सेल एका इंचात धरले. इंपोर्ट करताना जी खिडकी उघडते तिच्यात 'इमेज डीपीआय' असा पर्याय असतो: 'फ्रॉम फाईल' किंवा 'डीफॉल्ट इंपोर्ट रिझोल्यूशन'. या लॅपटॉपवर आधी कोणीतरी दुसरा पर्याय निवडून 'पुन्हा विचारू नका' वर टिक केली होती, त्यामुळे खिडकी उघडतच नव्हती. प्रेफरन्सेसमध्ये 'इंपोर्टेड इमेजेस' या भागात जाऊन विचारण्याची सोय परत चालू केली, 'फ्रॉम फाईल' निवडलं, आणि कटोरी 6 इंचांवर आली.

जुन्या फाईली असलेल्यांसाठी एवढं सांगते: 2017 च्या 0.92 आवृत्तीच्या आधी इंकस्केप 96 नाही, 90 धरत असे. कुणाकडून जुनं एसव्हीजी (इंकस्केपची रेषाचित्राची फाईल) आलं आणि सगळं थोडंसंच लहान-मोठं वाटलं, तर आधी इकडे बघा.

15 जून, शनिवार

आत्याने उरलेल्या कटिंगचे फोटो सांगलीहून पाठवले. स्कॅनरची खटपट वाचेल असं तिला वाटलं होतं. ते वापरता आले नाहीत, पण का ते लिहिते, कारण हा रस्ता सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो.

मेसेजवरून आलेला फोटो आकसलेला असतो आणि त्यातली डीपीआयची नोंदही गळलेली असते. ती शिल्लक असती तरी उपयोग नव्हता. फोन फोटोवर 72 लिहितो, त्याचा कागदाच्या लांबीशी काही संबंध नसतो. कागदापासून फोन किती उंच धरला हे त्या आकड्याला कुठून कळणार?

यापेक्षा फसवी निघाली ती फोनच्या स्कॅनिंग अ‍ॅपमधली पीडीएफ. तिरका फोटो सरळ होतो, कागद पांढराशुभ्र होतो, आणि पानाचं माप 210 गुणिले 297 मि.मी. दाखवतं. बघणाऱ्याला वाटतं, काम झालं. पण अ‍ॅपने पाठीचा मोठा तुकडा ए-फोर पानात बसवलेला असतो. कटिंगवर पेन्सिलीने उंची 14½ लिहिली आहे आणि ए-फोर पान उभं 11.7 इंचच असतं, यावरूनच ते चूक असल्याचं उघड झालं. बाहीसारखा छोटा तुकडा असता तर हे लक्षातही आलं नसतं. चित्र जितकं नीटनेटकं दिसेल तितकं ते मोजून बघायचं, असं या कामासाठी ठरवलं आहे.

आत्याला फोन करून सांगितलं, कटिंगच पाठव. तिने ती ब्लाऊजपीसच्या खोक्यात घडी न घालता गुंडाळून पाठवली.

16 जून, रविवार

आज एकही रेषा ओढली नाही, दिवसभर स्कॅनर तपासला. वेळ गेला, पण पुढचं सगळं काम यावरच उभं आहे.

स्टीलची पट्टी काचेवर आडवी ठेवून स्कॅन केली, मग उभी ठेवून. दोन्ही चित्रं 'फ्रॉम फाईल'ने आणली, खूप मोठी करून शून्याच्या रेघेपासून 15 च्या रेघेपर्यंत मोजली. आडव्या दिशेला 150.0 मि.मी. आली. उभ्या दिशेला, म्हणजे ज्या दिशेने दिवा सरकतो तिकडे, 149.1.

डीपीआय बरोबर असूनही हे का? आडव्या दिशेचे पिक्सेल सेन्सरच्या पट्टीवर पक्के बसवलेले असतात. उभ्या दिशेचे मात्र मोटर दिवा किती सरकवते यावर ठरतात, आणि पट्टा-दात्यांत जरा फरक पडला की तो सगळ्या लांबीत पसरतो. फाईलमध्ये 300 गुणिले 300 लिहिलेलंच राहतं.

नऊ दशांश मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. हिशोब करून बघा. पाठीचा तुकडा काचेवर असा मावतो की त्याची रुंदी दिवा सरकण्याच्या दिशेला येते. मायेसकट, म्हणजे शिवणीसाठी सोडलेल्या जास्तीच्या भागासकट, ती साडेदहा इंच. त्यात 0.6 टक्के कमी म्हणजे साधारण अर्धा सूत. ब्लाऊजच्या घेरात असे चार भाग येतात, मिळून जवळजवळ पाव इंच गेला. कटोरी ब्लाऊज अंगाबरोबर असतो, त्यात पाव इंच म्हणजे हुक आणि काजं यांची ओढाताण.

उपाय सोपा आहे. चित्र निवडायचं, वरच्या पट्टीतल्या रुंदी-उंचीच्या मधलं कुलूप उघडायचं आणि फक्त उंचीला 150 भागिले 149.1, म्हणजे 1.006 ने गुणायचं. माझ्या स्कॅनरवर पूर्ण काचेचं चित्र 297 ऐवजी 298.8 मि.मी. करावं लागतं. मग कुलूप परत लावायचं. हे कुलूप उघडं राहिलं तर पुढचा प्रत्येक ताण एकाच दिशेने पडतो आणि डोळ्याला कळत नाही.

हा 1.006 माझ्या स्कॅनरचा आकडा आहे, तुमचा वेगळा येईल. दोन्ही दिशांना एकेकदा पट्टी स्कॅन करा, म्हणजे तो हातात येईल. आणि प्रत्येक तुकडा काचेवर एकाच दिशेने ठेवा. एक भाग आडवा आणि दुसरा उभा स्कॅन केला, तर एकाची चूक रुंदीत पडते आणि दुसऱ्याची उंचीत, मग जोडताना ते कधीच जुळत नाहीत.

22 जून, शनिवार

पाठीचे आणि पुढचे मोठे तुकडे दोन-दोन वेळा स्कॅन केले, मध्ये अडीच इंच दोन्हीकडे येईल असं. झाकण काढून ठेवलं आणि वर जाड शब्दकोश ठेवला. या प्रकारच्या स्कॅनरला काचेला टेकलेलंच स्वच्छ दिसतं, कागद जरा उचलला गेला की रेघ धुरकट होते. चिकटपट्टीच्या जाडीमुळे मुंढ्याजवळ तसं झालं, तिथे हाताने दाबून धरावं लागलं.

पावसाळा लागला आहे. खाकी कागद दमटपणाने फुगतो, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. खोक्यातून काढल्यावर पाठीच्या तुकड्याची उंची टेपने मोजली तर लिहिलेल्या साडेचौदापेक्षा जराशी जास्त भरली. तुकडे एक रात्र पंख्याखाली, वर वजन ठेवून वाळवले आणि मग स्कॅन केले.

23 जून, रविवार

दोन स्कॅन जोडण्यासाठी फोटो जोडणारं पॅनोरमा सॉफ्टवेअर वापरून बघितलं. जोड दिसेनासा झाला, पण खालची सरळ कड किंचित कमानीसारखी झाली. अशी सॉफ्टवेअर चित्रं जुळवण्यासाठी ती वाकवतात, डोंगराच्या फोटोला ते चालतं. इथे सगळं टाकून दिलं.

जोड सरळ इंकस्केपमध्येच केला. दोन्ही चित्रं आणायची, दोन्हींची उंची 1.006 ने दुरुस्त करायची, वरच्याची अपारदर्शकता अर्धी करायची आणि ते फक्त सरकवून आणि फिरवून जुळवायचं. लहान-मोठं करायचा मोह टाळायचा. जुळत नसेल तर स्कॅन तिरका आहे किंवा कागद उचलला गेला आहे. ओढूनताणून जुळवलेला जोड म्हणजे हरवलेलं माप. जुळवायला मध्ये खुणा लागतात. आत्याच्या कटिंगवर टक्सची (शिवायच्या चुण्यांची) टोकं आणि छातीची आडवी रेघ आहेच, म्हणून वेगळ्या खुणा कराव्या लागल्या नाहीत.

क्लिपबोर्डवरून पेस्ट करणं या कामात पूर्ण बंद ठेवलं आहे. गिंपमधून कॉपी करून पेस्ट केलेला तुकडा परत 96 च्या हिशोबाने आला होता. फाईल सेव्ह करा आणि इंपोर्ट करा.

30 जून, रविवार

या कामातलं सगळ्यात जास्त काळजी वाटायला लावणारं प्रकरण आज झालं.

फाईल जड होऊ नये म्हणून चित्रं 'लिंक' करून आणली होती, 'एम्बेड' नाही. म्हणजे एसव्हीजीमध्ये फक्त पत्ता, चित्र बाहेरच्या फोल्डरमध्ये. छाती 38 च्या स्कॅनच्या कडेला काळा पट्टा आला होता, तो गिंपमध्ये कापला आणि फाईल त्याच नावाने परत सेव्ह केली. इंकस्केपमध्ये चित्र ताजं झालं, काळा पट्टा गेला, बाकी सगळं जागच्या जागी. पण आधी ओढलेली छातीची रेषा खालच्या पेन्सिलीच्या रेषेवरून दीड-दोन मिलिमीटर सरकली होती. ती रेषा आधीच ओढलेली होती म्हणून वाचलो. नाहीतर हे कळण्याचा काही मार्ग नव्हता.

झालं असं. इंकस्केप चित्र आणताना त्याची रुंदी आणि उंची एकदाच ठरवतो आणि एसव्हीजीमध्ये लिहून ठेवतो. शिवाय चित्राचं गुणोत्तर राखू नये, चौकट पूर्ण भरावी, अशीही नोंद सोबत असते. पुढे त्याच नावाची कापलेली फाईल आली की ती जुन्या चौकटीत ताणून बसवली जाते. डीपीआय परत वाचला जात नाही. कापलेला पट्टा अर्ध्या सेंटिमीटरचा असेल तर उरलेलं चित्र तेवढं रुंद होतं.

आता नियम असा केला आहे: स्कॅनला इंपोर्ट करण्याआधी जे कापायचं ते कापायचं. नंतर कापायची वेळ आली तर इंकस्केपमध्येच चौकोन काढून 'क्लिप' करायचं. त्याने नको असलेला भाग झाकला जातो, चित्राच्या मापाला हात लागत नाही. फाईल बदलायचीच असेल तर नवीन नाव द्यायचं, नव्याने इंपोर्ट करायची, जुनी काढून टाकायची. आणि सगळी चित्रं एम्बेड केली. फाईली तिसऱ्या हिश्श्याने फुगल्या, लॅपटॉप जरा कुरकुरतो, पण आता फोल्डर हलवलं तरी काही बिघडत नाही.

गिंपबद्दलही इथेच लिहिते, कारण दोन पर्याय जवळजवळ असतात. 'स्केल इमेज' पिक्सेल कमी-जास्त करतं. 'प्रिंट साइझ' पिक्सेलना हात न लावता फक्त डीपीआयची नोंद बदलतं. ज्या स्कॅनमध्ये नोंद नव्हती तिथे 'प्रिंट साइझ'मध्ये 300 लिहिलं आणि पीएनजी करताना 'रिझोल्यूशन सेव्ह करा' यावर टिक ठेवली.

7 जुलै, रविवार

रेषा ओढायला घेतल्या. स्कॅनचा लेयर कुलूपबंद, त्यावर रेषांचा वेगळा लेयर.

'ट्रेस बिटमॅप' करून बघितलं, सोडून दिलं. पेन्सिलीच्या एका रेघेच्या दोन कडा धरून ते दोन रेषा देतं. मधोमध एकच रेषा देणारा पर्यायही आहे, पण आत्याच्या खोडलेल्या रेघा, खडूचे डाग, चिकटपट्टीची कड, सगळंच त्यात उतरतं. बेझिअर या वक्ररेषा काढायच्या टूलने हाताने ओढणं जलद पडलं. मुंढ्याच्या गोलाईला तीनच बिंदू दिले. बिंदू वाढले की गोलाईला पोक येतं.

रेषा कागदाच्या कडेवरून नाही ओढायची, पेन्सिलीवरून ओढायची. कड झिजलेली आहे, कुठे कुठे पाऊण सुतापर्यंत.

तपासणीसाठी काढलेला 5 इंचांचा चौकोन इंकस्केप 128 मि.मी. दाखवत होता, यायला हवे 127. जास्तीचा 1 मि.मी. रेषेच्या जाडीचा. प्रेफरन्सेसमध्ये 'टूल्स' भागात बाउंडिंग बॉक्स 'व्हिज्युअल' ऐवजी 'जॉमेट्रिक' केला की रेषेची जाडी मोजली जात नाही. कापणारा हात रेषेच्या मधोमध चालतो, म्हणून हेच माप खरं.

मग खरी परीक्षा. आत्याला फोनवर मुंढ्याची लांबी मोजायला सांगितलं होतं, कटिंग इकडे पाठवण्याआधीच. ती टेप आडवी पसरत नाही, कडेवर उभी धरते आणि बोटाने गोलाईबरोबर पुढे सरकवत नेते. पाठीचा मुंढा तिने पावणेआठ सांगितला होता. इंकस्केपमध्ये एक्स्टेन्शन्समधून 'मेजर पाथ'ने तीच रेषा 7.77 आली. इथपर्यंत डीपीआय, मोटर, जोड, कापणं सगळ्यातून जाऊन आलेली रेषा तिच्या बोटाशी जुळली याचा मला फार आनंद झाला.

बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा थोडी जास्त असावी लागते, तीही तशीच भरली. दोन वेगळ्या स्कॅनमधले तुकडे एकमेकांशी जुळतात का, हे बघायला यापेक्षा चांगली जागा नाही.

14 जुलै, रविवार

चित्रात माप बरोबर आहे म्हणून कागदावर बरोबर येईल असं नाही.

पीडीएफ केली, घरच्या प्रिंटरवर छापली, चौकोन मोजला: 5 इंचांऐवजी 4.85. प्रिंटरला पानाच्या कडेपर्यंत छापता येत नाही, म्हणून छपाईच्या खिडकीत 'फिट' निवडलेलं असतं आणि सगळं पान 97 टक्क्यांवर येतं. 'अ‍ॅक्च्युअल साइझ' किंवा '100 टक्के' केलं की 5 इंच.

तीन टक्के शिवणात किती पडतात ते आत्यालाच विचारलं. ती लगेच म्हणाली, "अगं, छत्तीसच्या बाईला पस्तीस कापून दिलंस म्हणजे." हिशोबही तोच येतो. छातीचा चौथा भाग 9 आणि सैल अर्धा, मिळून साडेनऊ. त्याचे 97 टक्के 9.2. चार भागांत एक इंचाहून जास्त गेला, सैल सोडलेल्यातला निम्म्याहून अधिक.

मोठे तुकडे अनेक ए-फोर कागदांवर छापायला अ‍ॅक्रोबॅट रीडरमधला 'पोस्टर' पर्याय वापरला. टाइल स्केल 100, थोडा ओव्हरलॅप आणि कापण्याच्या खुणा चालू. हे करण्याआधी इंकस्केपमध्ये पानाचं माप तुकड्याएवढं करून घ्यावं लागतं, नाहीतर रिकाम्या जागेचे कागद छापत बसतो.

प्रत्येक पीडीएफवर आता तपासणीचा चौकोन आहे आणि त्यात मराठीत लिहिलं आहे: हा चौकोन दोन्ही बाजूंनी 5 इंच भरला तरच कापा. नुसती रेघ पुरत नाही, दोन्ही दिशा दिसायला हव्यात. 97 टक्क्यांवर हा चौकोन एका सुताहून थोडा जास्त कमी भरतो, शिवणाऱ्या बाईच्या नजरेला तो फरक टेप लावताच कळतो.

20 जुलै, शनिवार

कागद जोडायचा कंटाळा येणाऱ्यांसाठी घरांचे नकाशे छापतात तिथे ए-वन कागदावर पूर्ण संच छापून बघितला. एका कागदाचे 60 रुपये. पहिले दोन कागद फुकट गेले.

दुकानातल्या मुलाने एसव्हीजी कोरलड्रॉमध्ये इंपोर्ट केली आणि पानावर माऊस ओढून ती ठेवली. कोरलमध्ये इंपोर्टनंतर माऊस ओढला तर ओढलेल्या चौकटीएवढं माप येतं. नुसती क्लिक केली तर मूळ माप राहतं, एंटर दाबलं तर मूळ मापात पानाच्या मधोमध. इलस्ट्रेटरच्या 'प्लेस'लाही असंच आहे, ओढलं की माप गेलं. त्या मुलाचा रोजचा सगळा धंदा फ्लेक्सचा, तिथे चित्र जागेत बसवायचंच असतं, म्हणून हात आपोआप ओढतो. त्याला चौकोन दाखवला, तो पट्टीने मोजून दिला. दुसरा कागद 'फिट टू पेपर'ने गेला. तिसरा बरोबर आला. पुढच्या वेळी त्याने स्वतःहून चौकोन आधी मोजला.

बाहेर छापायला एसव्हीजी देणं सोडलं. एसव्हीजीमध्ये माप मि.मी.मध्ये न लिहिता नुसत्या पिक्सेलमध्ये असेल, तर कोण 96 धरतं, कोण 72. इलस्ट्रेटरने 72 ने केलेली फाईल इंकस्केपमध्ये पाऊणपट उघडते. पीडीएफमध्ये पानाचं माप पक्कं असतं.

28 जुलै, रविवार

छाती 36 चा संच छापला, कापला, मांजरपाटावर ठेवून चाचणीचा ब्लाऊज वहिनीसाठी शिवला. शिवण आत्याची. ती दोन दिवस आली होती. दुसरीकडे तिच्या मूळ खाकी कटिंगवरून दुसरा कापला होता. दोन्हींचे तुकडे एकमेकांवर ठेवले: पाठ जुळली, बाही जुळली, कटोरीच्या खालच्या कडेला अर्ध्या सुताचा फरक होता. स्कॅन परत बघितला, तिथे पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या आणि मी बाहेरची धरली होती. आत्या म्हणाली आतली खरी, बाहेरची तिने कधीतरी एका गिऱ्हाइकासाठी वाढवली होती. दुरुस्त केलं. घातल्यावर मुंढ्यात ओढ आली नाही, काखेत घडी पडली नाही.

वर्गातल्या एकीने विचारलं की 36 ची फाईल टक्क्यांत मोठी करून 38 का करायची नाही, एवढे स्कॅन कशाला? दोन्ही मापांच्या रेषा एकमेकींवर ठेवून दाखवल्या. आत्याच्या 38 मध्ये छातीचा चौथा भाग अर्ध्या इंचाने वाढतो, खांदा एका सुताने वाढतो, उंची तीच साडेचौदा राहते. सगळं साडेपाच टक्क्यांनी वाढवलं तर उंची सव्वापंधराच्या पुढे जाते आणि गळा उघडा पडतो. म्हणून प्रत्येक माप तिच्या त्या त्या कागदावरूनच.

4 ऑगस्ट, रविवार

34, 36 आणि 38 चे संच वर्गातल्या मुलींना दिले. लॅपटॉपवरून छापणाऱ्या सगळ्यांचा चौकोन बरोबर आला. फोनवरून थेट छापणाऱ्या दोघींचा कमी आला. त्यांच्या फोनच्या छपाईत 100 टक्के असा पर्यायच दिसला नाही, पान आपोआप आत बसवलं जातं. त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह नेऊन छापलं, तिथे बरोबर आलं. पीडीएफच्या पहिल्या पानावर ही ओळ वाढवली आहे: फोनवरून छापू नका.

32, 40 आणि 42 चे स्कॅन झाले आहेत, रेषा व्हायच्या आहेत. 42 च्या पुढच्या तुकड्यावर मुंढ्याचा एक भाग चिकटपट्टीखाली पूर्ण पुसला गेला आहे. तो स्कॅनवरून काढता येणार नाही. आत्या नव्या कागदावर परत आखून देणार आहे, त्यावर मापाच्या खुणा दोन्ही दिशांना आधीच करून.